हो म्हणेपर्यंत

१

त्या दिवशी सकाळपासून भोंग्याचे पाय जमिनीवर नव्हते. गस्तीच्या गाडीच्या काचा त्याने दोनदा पुसल्या, बुटांना तिसऱ्यांदा पॉलिश मारलं आणि वायरलेसवर कंट्रोलच्या बाईंना बजावलं, "आज लाल रंगाची छोटी गाडी कॅमेऱ्यात दिसली की आधी मला कळवायचं हं! व्हीआयपी आहे!"

"कोण, मंत्री येताहेत का?" बाई बिचाऱ्या दचकल्या.

"मंत्री कसला घेऊन बसलात! माझी लेक येतेय!"

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. महामार्गाच्या गस्तीवर सव्वीस वर्षं काढलेला हा माणूस. आवाज असा, की वाहतूक वळवायला त्याला कधी लाउडस्पीकर लागला नाही, म्हणून खात्यात सगळे त्याला भोंगा म्हणायचे. त्याच्या जोडीला गाडी चालवायला मुनी होता. मुनी आठ तासांच्या ड्यूटीत चार शब्द बोलायचा, त्यातले दोन चहाबद्दल असायचे. त्या सकाळी मात्र मुनीलासुद्धा ढमीची सगळी हकीकत तोंडपाठ झाली होती.

ढमी म्हणजे भोंग्याची एकुलती एक लेक. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी, आता काडीसारखी झाली तरी ढमीच. नोकरीच्या गावाहून ती आज पहिल्यांदा एकटी, स्वतः गाडी चालवत घरी येणार होती. तीनशे किलोमीटर! त्यातले शेवटचे पन्नास बापाच्या हद्दीतले. गाडी भोंग्यानेच शिकवली होती, दर रविवारी, रिकाम्या मैदानात, घसा बसेपर्यंत ओरडून. बारा-सव्वाबाराच्या सुमाराला ती एकशे बारा किलोमीटरच्या दगडापाशी पोचेल असा हिशोब होता.

"आरसा बघितल्याशिवाय लेन बदलत नाही पोरगी," त्याने मुनीला पाचव्यांदा सांगितलं. "आणि गाडी चालवताना फोन? नाव नको! शपथ घातलीय मी. फोन बंद करून डिकीत टाकते."

"हं," मुनी म्हणाला. मुनीच्या मानाने हे भाषणच होतं.

२

दहा वाजून दहा मिनिटांनी अठ्ठ्याण्णवच्या दगडाजवळ दुधाची एक छोटी गाडी उलटली. पुढचा टायर फुटला होता. चालवणारा पंचविशीतला, एकटाच, आणि तो जागीच गेला होता.

भोंग्याने नारिंगी कोन लावले, क्रेन बोलावली आणि रस्ता अर्ध्या तासात मोकळा करून घेतला. मग परवान्यावरचा पत्ता वाचला. घर जवळच होतं, महामार्गावरून उतरून दहा मिनिटांवर. बाकीचे कर्मचारी एकमेकांची तोंडं बघायला लागले आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा भोंग्याकडे वळल्या. दरवेळी हे असंच व्हायचं.

घरच्यांना कळवण्याचं हे काम भोंग्याइतकं नीट कुणाला जमत नसे. गडगडाटी आवाजाचा हा गडी, पण त्या दारात उभा राहिला की आवाज इतका मऊ व्हायचा, की त्याचा त्यालाच ओळखू येऊ नये. कामाची रीत ठरलेली होती. फोनवर सांगायचं नाही, स्वतः जायचं. टोपी काढून डाव्या बगलेत धरायची. बेल एकदाच वाजवायची. समोरच्याला आधी विचारायचं, "आपण अमक्याच्या आई ना? वडील ना?" आणि त्या माणसाच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय पुढचा एक शब्द बोलायचा नाही. एकदा एका नवशिक्याने भलत्याच बापाला सांगून टाकलं होतं, तेव्हापासून हा नियम कडक झाला होता. वेळ लागला तर लागू दे, हो म्हणेपर्यंत थांबायचं.

त्या घराचं दार उघडंच होतं. आत खुर्चीवर एक बाई बसली होती, मुलाची आई. शेजारच्या दोघी तिच्या दोन्ही बाजूंना होत्या. भोंग्याने टोपी काढली. बेल वाजवायला हात उचलला, तोच ती बाई म्हणाली,

"या. आता तुम्ही आलात."

"ताई, आपण..."

"मघाशी तुमचे साहेब येऊन गेले की."

भोंग्याने वळून मुनीकडे पाहिलं. मुनीने खांदे उडवले. "कोण साहेब? किती वाजता?"

"साडेनऊला. मी कपडे पिळत होते. तुमच्यासारख्याच गणवेशात, असेच दारात उभे होते, टोपी बगलेत धरून. मला विचारलं, तुम्ही त्याच्या आई ना? माझे हात ओले, मी आधी काही बोललेच नाही. ते आपले उभेच राहिले. किती वेळ! मग मी म्हटलं, हो बाबा, मीच त्याची आई, काय काम आहे?" तिने पदराने तोंड पुसलं. "आणि त्यांनी सांगितलं. अठ्ठ्याण्णवच्या दगडाजवळ, टायर फुटून."

"साडेनऊला?" भोंग्याने विचारलं.

"त्यानंतर पोराचा फोन आला हो!" बाई एकदम ओरडली. "माझ्या मुलाचा! आई, आत्ता निघतोय म्हणाला. मी हसले! म्हटलं, कुठल्या मेल्याने सकाळी सकाळी माझी चेष्टा केली! त्याला काही सांगितलंसुद्धा नाही, उगाच मनाला लावून घेईल म्हणून..."

तिने हातातला फोन पुढे केला. मुलाच्या नावापुढे वेळ होती नऊ बावन्न. भिंतीवरचं घड्याळ, भोंग्याचं मनगटी घड्याळ, फोनवरचं घड्याळ, तिन्ही एकमेकांशी जुळत होती. त्याने तीन-तीनदा पाहिलं.

"चेहरा कसा होता त्या साहेबांचा?"

बाईने आठवून पाहिलं. "टोपी आठवते," ती म्हणाली. "मी हो म्हणालेच नसते तर?"



३

गाडीत बसल्यावर त्याने पहिलं काम केलं ते कंट्रोलला विचारण्याचं. "दुधाच्या गाडीच्या घरी माझ्याआधी कुणाला पाठवलं होतंत का?"

"छे हो, तुमच्याशिवाय कोण जातंय तिथे!" बाई म्हणाल्या. "बरं ऐका, तुमची व्हीआयपी गाडी सत्तरचा टोलनाका ओलांडून पुढे आली बरं का! अकरा सत्तावीसला. एकदम झोकात!"

"आली!" भोंगा इतक्या जोरात ओरडला की मुनीने ब्रेक दाबला. सत्तर म्हणजे आता अर्धा-पाऊण तास! काय पोरगी आहे! त्याने मांडीवर थाप मारली. दुसऱ्याच क्षणी त्याला त्या बाईचे ओले हात आठवले आणि स्वतःच्या आनंदाची लाजही वाटली.

मग डोकं चालायला लागलं. दुःखात माणसाच्या वेळांचा घोळ होतो, हे त्याने कितीदा पाहिलं होतं. लोक आदल्या दिवशीचं आज सांगतात. पण फोनवरची वेळ? असेल काहीतरी. आणि अठ्ठ्याण्णवचा दगड? तो तिला शेजारणींनी सांगितला असेल. शेजारणींना कुणी सांगितलं?

"मुनी, काय वाटतं तुला?"

"गणवेश आपलाच होता म्हणे," मुनी म्हणाला आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला.

४

एकशे बाराच्या दगडापाशी ते पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. मुनीने गाडी वळवून, ढमी येणार त्या दिशेला तोंड करून कडेला लावली. लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं आणि सरळसोट रस्ता. पलीकडच्या कठड्याचा पत्रा निखळला होता, तो बांधायला मुनी तार घेऊन गेला. भोंगा गाडीतच बसला, आरसा नीट केला, केस सारखे केले. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"आली का ढमी?" तिने विचारलं. तिचाही आवाज नाचत होता. "मी चादरीसुद्धा बदलल्या. आणि अहो, तुमच्या ऑफिसातून कुणी आलं होतं का हो? आत्ता दारात एक साहेब होते."

भोंग्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "टोपी कुठे होती?"

"बगलेत. तुम्ही इतकी वर्षं घोकून घेतलंय ना, टोपी बगलेत असेल तर दार उघडायचं नाही, आधी मला फोन करायचा. मी जाळीतूनच बघितलं."

"काही विचारलं त्याने?"

"विचारलं की. तुम्ही तिच्या आई ना, म्हणून. मी म्हटलं..."

"काय म्हटलंस? हो म्हणालीस? अगं बोल ना!"

"ओरडताय काय! नाही म्हणाले हो मी. काहीच नाही म्हणाले. एवढंच म्हटलं, काय असेल ते आमच्या ह्यांना सांगा, ते एकशे बाराच्या दगडाशी आहेत."

भोंग्याने डोळे मिटून घेतले.

"अहो, चुकलं का माझं काही? ढमी बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. टोलनाका ओलांडला तिने. तू आतून कडी घाल आणि आता कुणाशी बोलू नकोस, शेजारच्यांशीही नाही. किती वेळ झाला त्याला जाऊन?"

"हे काय, आत्ता फाटकातून बाहेर पडले. पायीच आहेत."

घर तिथून एकोणतीस किलोमीटरवर होतं. पायी माणसाला अख्खा दिवस लागला असता. भोंग्याने हा हिशोब मनातल्या मनात दोनदा केला, आणि दोन्ही वेळा त्याचा त्यावर विश्वास बसला नाही.

५

त्याने ढमीला फोन लावला. बंद. लागणारच नव्हता, त्यानेच तर शपथ घातली होती! स्वतःच्या शिस्तीला त्याने अशा काही शिव्या घातल्या की मैदानात ढमीनेही कधी ऐकल्या नसतील. कंट्रोलला सांगितलं, लाल गाडी दिसेल तिथे थांबवा. बाई म्हणाल्या, मधल्या टप्प्यात गस्तीची दुसरी गाडीच नाहीये, तुमच्याशिवाय आहे कोण?

पळून जावं का इथून? गाडी काढावी आणि सुटावं सुसाट? पण ही कामाची रीत त्याच्याइतकी कुणाला माहीत होती! बाप सापडला नाही तर पुढचा जवळचा माणूस. ढमीचा मामा. आणि मामा म्हणजे असा गप्पिष्ट, की समोरच्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच हो हो म्हणून मोकळा. नाही, नाही, मामापर्यंत जाऊ द्यायचं नाही.

मग त्याला ते आठवलं. त्याने स्वतः दोन-तीनदा केलं होतं. पत्ता बरोबर, माणूस समोर, पण तो म्हणतो, माझा या व्यक्तीशी काही संबंध नाही. अशा वेळी वाद घालायचा नसतो. कागदावर 'संबंध नाही' असा शेरा मारायचा आणि कागद परत पाठवायचा. मग कुठल्या मामाकडे जायचं नाही की काकाकडे नाही. काम तिथेच मिटतं.

एवढंच तर म्हणायचं! एका शब्दाचं काम! भोंग्याला एकदम हुरूप आला. सापडली होती वाट, त्याची त्यालाच सापडली होती. "नाही," त्याने रिकाम्या गाडीत म्हणून पाहिलं. "मी तिचा कुणी नाही." खणखणीत आला आवाज.

पलीकडून मुनीने तार खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि कुणाला तरी कडक सलाम ठोकला.

६

भोंग्याने मान वळवली नाही. बाजूच्या आरशात पाहिलं.

रस्त्याच्या कडेने एक माणूस चालत येत होता. घाई नाही, रेंगाळणं नाही. गणवेशाची इस्त्री मोडलेली नव्हती. कडेला घोट्याएवढी धूळ होती, आणि बूट मात्र काळेभोर चकचकीत. डाव्या बगलेत टोपी. आरशात तो गळ्यापर्यंतच दिसत होता. जवळ येत गेला तसा तो मोठा व्हायला हवा होता, आरशात वर सरकायला हवा होता. तसं काही झालं नाही. बाजूने ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गस्तीची गाडी हलली. त्या माणसाची बाही हलली नाही.

दारापाशी येऊन तो थांबला. भोंग्याने काच दोन बोटं खाली घेतली. नजर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर खिळवून ठेवली, वर नेली नाही.

"एका मुलीबद्दल आलोय," तो माणूस म्हणाला. "लाल गाडी."

तो आवाज! इतका मऊ, इतका समजूतदार. सव्वीस वर्षं लोकांच्या दारात जो आवाज तो काढत आला होता, अगदी तोच. ऐकणाऱ्याला तो कसा लागतो, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. हो म्हणून टाकावंसं वाटत होतं. हो म्हणावं आणि त्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं.

"आपण तिचे वडील ना?"

"नाही."

बटण जागचं हललं नाही. तो माणूस थांबला होता. भोंग्याला ठाऊक होतं, चांगला माणूस असाच थांबतो.

"माझा काही संबंध नाही," भोंगा म्हणाला. "लिहा तुम्ही तसं."

कागदाची सळसळ ऐकू आली नाही. लिहिल्याचाही आवाज नाही. आणि समोर, सरळ रस्त्याच्या टोकाला, एक लाल ठिपका उगवला.

७

भोंगा गाडीतून उतरला की उडी मारून पडला, हे त्याचं त्यालाच आठवलं नसतं. रस्त्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात वर करून तो उभा राहिला. ठिपका मोठा झाला, गाडी झाली. इंडिकेटर लागला, वेग कमी झाला, आरसा बघितला गेला, आणि लाल गाडी अशी अलगद बाजूला येऊन थांबली की भोंग्याचे डोळेच भरून आले. धडधाकट! नाकावर ऊन, कपाळावर बटा, ढमी आख्खीच्या आख्खी!

"बाबा!" काच खाली करत ती किंचाळली. "बाबा, आले मी! एकदाही गाडी बंद पडली नाही! तू उन्हात काय उभा राहिलायस वेड्यासारखा?"

त्याने हात पुढे केला. तिच्या गालाला लागायला वीतभर अंतर उरलं होतं.

"आपण तिचे वडील ना?"

अगदी कानाशी. माणूस त्याच्या पाठीमागेच उभा होता. मान वळवली असती तर चेहरा दिसला असता.

ढमीला ऐकू गेलं नव्हतं. ती हसतच होती, पट्टा सोडायला बकल चाचपत होती. उतरून ती गळ्यात पडेल, पुन्हा बाबा म्हणेल, आणि मग कोण नाही म्हणू शकणार होतं? भोंग्याने हात मागे घेतला. दार बाहेरून दाबून धरलं.

"उतरू नका," तो म्हणाला.

"काय रे बाबा, चेष्टा काय लावलीयस!"

"कोण बाबा? मी तुमचा बाबा नाही." भरदुपारी, भर रस्त्यात, तो आपल्या खऱ्या आवाजात ओरडला. मैल-दीड मैल सहज गेला असता तो आवाज. "मी हिला ओळखत नाही! मी हिचा कुणी नाही!"

ढमी आणखी मोठ्याने हसली. मग तिचं हसू अडखळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आधी डोळ्यांकडे, मग टोपीकडे, मग गणवेशाकडे. रस्त्यात अडवलेली माणसं भोंग्याकडे रोज बघतात तशी. बकलावरचा तिचा हात निघाला आणि शेजारच्या सीटवरच्या पर्सकडे गेला.

"सॉरी सर," ती म्हणाली. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

तिच्या कपाळाला आठी पडली. ती खरंच आठवत होती. "काही नाही. उन्हामुळे असेल. माझं काही चुकलं का, सर?" तिने परवाना पुढे केला.

भोंग्याने तो हातात घेतला. वडिलांच्या नावाच्या जागेवर बोट ठेवलं आणि न वाचताच परत दिला. वाचायची हिंमत झाली नाही त्याची.

"काही चुकलं नाही. कुठे निघालात?"

"घरी. पुढे एकोणतीस किलोमीटर आहे."

विचारू नये हे त्याला कळत होतं. "घरी कोण कोण असतं?"

"आई," ती म्हणाली. "आम्ही दोघीच असतो."

भोंग्याने मान डोलावली. पाठीमागे बुटांचा आवाज झाला, एक पाऊल, दुसरं पाऊल, दूर जाणारं. तरीही तो वळला नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला एवढंच दिसलं, की एक हात वर गेला आणि बगलेतली टोपी डोक्यावर चढली.

"जा मग," तो म्हणाला. "सावकाश जा. आई वाट बघत असतील."

मागून येणारा ट्रक त्याने हात दाखवून थांबवला. लाल गाडीने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि ती झोकात लेनमध्ये शिरली. जिवंत होती पोरगी! जिवंत! त्याला रस्त्याच्या मधोमध जाऊन नाचावंसं वाटत होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत तो ट्रक अडवून उभा राहिला. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला.

मुनी रस्ता ओलांडून आला, हातातली तार गुंडाळत. लाल गाडी गेली त्या दिशेला त्याने एकदा पाहिलं.

"कोण होती?" त्याने विचारलं.

भोंग्याने बाहीने नाक पुसलं.

"कुणी नाही रे," तो म्हणाला. "गाडी मात्र छान चालवते."